दाराखालचा पत्रा

सखाभावजी कुठेही गेले की आधी गाडीशी बोलतात, मग माणसांशी. म्हणजे काय, उकिडवे बसून दाराखालच्या लांब पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करतात आणि कान लावतात. माझ्या भाचीच्या साखरपुड्याला महाडहून पाहुणे आले, तर मुलाचे वडील हात जोडून उभे आणि हे त्यांच्या गाडीपाशी वाकलेले. उठून म्हणाले, "मागच्या चाकाशी सडायला लागलाय." साखरपुडा झाला, पण ते गृहस्थ दिवसभर गाडीकडेच बघत होते.

"रंग खोटं बोलंल, आवाज नाय," हे भावजींचं ठरलेलं वाक्य. भेंडी मोडून घेतानासुद्धा हेच.

पोलादपुरात ते आमचे शेजारी. त्यांची जुनी हिरवी जीप आहे, उमरठच्या वरच्या वाडीपर्यंत चढणारी. ती वाडी म्हणजे त्यांच्या बायकोचं, आमच्या पार्वतीचं, माहेर. पार्वती मुंबईला मुलाकडे असते, नातू सांभाळते. शिमग्याला तेवढी येते, माहेरची पालखी बघायला. गुडघे गेलेत तिचे, त्यामुळे उंच जीपमध्ये चढायचं ते दाराखालच्या पत्र्यावर पाय देऊनच.

आता गंमत बघा. त्या पत्र्याला खालून बारीक भोकं असतात, आत गेलेलं पाणी निघून जायला. भावजींना वाटलं, पाणी शिरतं ते इथूनच. सगळी भोकं वेल्डिंगने बुजवली, वर चकचकीत रंग मारला, गल्लीत पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. आमच्याकडचा पाऊस आतच साचून बसला आणि रंगाखाली पत्रा सडत गेला. गेल्या शिमग्याला पार्वतीने पाय ठेवला तो थेट पत्र्याच्या आत. घोटा सोलून निघाला. ती ओरडली नाही की रागावली नाही. आता माझ्याच्याने वर जाणं व्हायचं नाही, एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीने परत गेली.

तेव्हापासून भावजी त्या पत्र्यातच. सडलेलं सगळं कापलं, जाड पत्रा बसवला, भोकं मोकळी ठेवली. रोज आंघोळ झाली की आत तांब्याभर पाणी सोडायचं आणि खालून थेंब पडतायत ना, ते बघत बसायचं. तुळशीला कधी एवढ्या भक्तीने घातलं नसेल.

आणि रोज संध्याकाळी मला हाक. "वयनी, जरा उभ्या ऱ्हावा." मी पत्र्यावर चढायची, हे खाली कान लावून. मीच का, म्हणून विचारलं, तर जमिनीकडे बघत म्हणाले, "गल्लीत तिच्या वजनाच्या तुमीच." चिडावं की नाही, माझं अजून ठरलेलं नाही.

शिमगा आठवड्यावर आला तरी पार्वतीचं येते-नाही काहीच नव्हतं. त्या संध्याकाळी मी वर उभी असतानाच भावजींनी स्पीकर लावून तिला फोन केला. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. फोन पत्र्याला टेकवला आणि टकटक केली.

"ऐकलंस गो?"

वर वजन असलं की पत्र्याचा आवाज दबका येतो, हे इतक्या वर्षांत तिलाही कळायला लागलेलं. मग तिने विचारलं, "वर कोण उभं हाय?"

"वयनी."

"वयनी उभ्या हायत?" पार्वती म्हणाली. "मग येते."

मी उतरले आणि बघते तर काय, सकाळचा रंग वाळलाच नव्हता. भावजींचा कान हिरवा, फोन हिरवा आणि पत्र्यावर माझ्या चपलेचा ठसा. मला कसंनुसं झालं. म्हटलं, भावजी, एक हात फिरवून टाका. त्यांनी ब्रश बुडवला, ठशाच्या अलीकडे फिरवला, पलीकडे फिरवला आणि थांबले.

"ह्यो ऱ्हाऊ दे," म्हणाले. "पाय कुठं ठेवायचा, तिला कळंल."