कडू कॉफी आणि चौथं प्रकरण

“हो म्हणवून घेतल्याशिवाय कपाला ओठ लावू नकोस, पोरी. भरला कप खाली ठेवला की यजमानाला नाही म्हणता येत नाही.”

फिद्दा आत्याचं हे सांगणं नुसैबाला त्या सकाळी आठवलं नाही; संतापापुढे काही आठवतच नव्हतं. तिच्या अहवालातलं चौथं प्रकरण अम्मानच्या त्या सुरक्षा अभ्यास केंद्राचे प्रमुख मिथ्काल बाशांनी काढून खणात टाकलं होतं. बाशा लष्करातून कधीच निवृत्त झाले होते, आवाज मात्र अजून ड्यूटीवर होता.

“लहान देश म्हणे बड्यांनी मागायच्या आधीच देऊन बसतात, असं लिहितेस! आज अमेरिकेचे पाहुणे येतायत, चीनचे येतायत. काय वाटेल त्यांना?”

“त्यांनी काढायला सांगितलं?”

“सांगेपर्यंत थांबायचं होय?”

अहवाल दुपारी छापायला जाणार होता.

पाहुणे आले, बसले. केंद्रातल्या कॉफीवाल्या अबू सलामाने किटलीतून सगळ्यांना, टेबलाशी बसलेल्या नुसैबालाही, कॉफी ओतली. अमेरिकेच्या हॉल्डनसाहेबांनी वास घेतला, तोंड कसनुसं केलं आणि भरला कप तसाच टेबलावर ठेवला.

इथल्या रिवाजाप्रमाणे पाहुण्याने कप असा ठेवला म्हणजे त्याला काही मागायचंय. ते कबूल होईपर्यंत तो पिणार नाही.

“आज्ञा करा,” बाशा छातीवर हात ठेवून म्हणाले.

“छे छे, काही नाही,” हॉल्डन संकोचले.

बाशांचा चेहरा उतरला. तोंडातून निघत नाही ती मागणी केवढी असेल! “विमानतळ मागणार,” ते अबू सलामाच्या कानात पुटपुटले. “द्यायचा का रे?”

“आपला आहे का पण तो, बाशा?”

एवढ्यात चीनचे प्रोफेसर शिए यांनी हॉल्डनच्या कपाकडे पाहिलं. आपण मागे राहायचं नाही, म्हणून त्यांनीही कप ठेवला.

“गेलं! बंदरही गेलं!” बाशांनी घाम पुसला आणि ते ताडकन उठले. “मनात असेल ते दिलं, वल्लाह! प्या!”

“खरंच?” हॉल्डनांचा जीव भांड्यात पडला. “मग दोन चमचे साखर मिळेल?”

अबू सलामाने किटली मागे ओढली. कडूच प्यायच्या या कॉफीत साखर? त्यापेक्षा विमानतळ परवडला असता! पण शब्द देऊन झाला होता, साखर आली. शिएंनी नुसतं गरम पाणी मागितलं, तेही आलं.

आणि मग नुसैबाने आपला भरला कप अलगद टेबलावर ठेवला.

“हे काय?”

“मागणं आहे, बाशा.”

“तू काय पाहुणी आहेस? नोकरीला आहेस इथे!”

“तुमच्या टेबलाशी बसलेय, तुमचीच कॉफी आहे. त्यांनी मागायच्या आधी दिलंत. मी तर मागतेय. चौथं प्रकरण, एक शब्द न वगळता.”

“आणि नाही म्हणालो तर?”

“मग कप इथेच राहील. उद्याही. येणारा-जाणारा विचारेल, हा कुणाचा म्हणून.”

“पार तिकडे करक शहरापर्यंत बोभाटा होईल,” अबू सलामा किटलीला म्हणाला.

बाशांनी साखरेचं भांडं दूर सरकवलं.

“पी.”

“म्हणजे दिलं?”

“पी म्हटलं ना, पोरी!”

कॉफी पार गार झाली होती. नुसैबाने ती एका घोटात संपवली.

हॉल्डनसाहेब अजून साखर ढवळत होते. बाशांनी आवाज न करता खण उघडला, पानं काढून काखेत धरली आणि कुणालाही हाक न मारता ते स्वतःच जिना उतरून छापखान्याकडे निघाले.