कासऱ्याच्या टोकाला

माझा धाकटा दीर तुकाराम रोज सकाळी बैलाचा कासरा हातात धरून डिंगोरे गावाच्या रस्त्यानं चालतो. कासऱ्याच्या टोकाला बैल नसतो. मधेच मागं वळून तो "हो राजा, दमानं" म्हणतो. नवीन माणूस आधी कासऱ्याकडं बघतो, मग तुकारामाच्या तोंडाकडं, आणि रस्ता बदलतो.

तुकारामाचं आयुष्य शर्यतीच्या बैलांमागं गेलं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. "कसा आहेस?" विचारलं की हा हौशाची तब्येत सांगायचा. हौशा म्हणजे त्याचा बैल. हौशाला दूध-अंडी, हौशाला पोहणी, हौशाला रोजची चाल. स्वतः चहात शिळी भाकरी बुडवून खायचा आणि सगळ्या जगाला एकच सांगायचा, "बसला बैल की बाद."

मग त्याच्या शौचातून रक्त जायला लागलं. मूळव्याध समजून हा ताक पीत राहिला. पुण्याला नेला तर आतड्याचा कॅन्सर निघाला. गावात नाव घेत नाहीत, 'तो आजार' म्हणतात. मी कॅन्सरला कॅन्सरच म्हणते. नाव चोरून तो काही कमी होत नाही. डॉक्टरांनी आतडं कापलं, पोटाला पिशवी लावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, औषध आम्ही देऊ, चालायचं तुम्ही. अंग हलवणारे पुष्कळदा जास्त टिकतात. खात्री देत नाही, पण पडून राहू नका."

हा घरी आला आणि दोन-चार दिवसांत भिंतीकडं तोंड करून पडला. मी म्हटलं, "भावजी, बसला बैल की बाद ना?"

"बैल कुठाय आता, वहिनी?"

दवाखान्यात जाताना त्यानं हौशा पलीकडच्या मळ्यात हुसेनभाईंकडं सोडला होता. नुसता उभा राहून बैल खराब होईल म्हणून.

एका सकाळी मात्र हा उठला, खुंटीवरचा कासरा घेतला आणि निघाला. आमच्याकडं कामाशिवाय चालणाऱ्याला कुणी सुखानं चालू देत नाही. पारावरून आवाज आला, "कुठं निघालास रं?" पोटाच्या पिशवीचं काय सांगणार? म्हणाला, "बैल सुटलाय." झालं! अर्धी आळी उसात शिरली. दुपारी दोघं कुणाचातरी बैल धरून दारात आले आणि चहा मागायला लागले.

परवा तो पुण्याहून तपासणी करून आला. जेवला नाही, बोलला नाही. सकाळी मी भाकरी थापत होते, तर हा कासरा घेऊन रस्ता सोडून बांधावरच्या आंब्याकडं वळलेला दिसला. माणूस, दोर आणि झाड. तशीच पिठाच्या हातांनी पळाले. एक चप्पल पाटात गेली. जन्मात दिराला अरेतुरे केलं नव्हतं, त्या दिवशी केलं.

"मेल्या, टाक तो दोर!"

"वहिनी, वरडू नका! बुजंल त्यो!"

आंब्याखाली, हुसेनभाईंच्या मळ्याच्या कडेला, हौशा बांधलेला होता.

मी मटकन खाली बसले. तुकाराम माझ्याकडं न बघता म्हणाला, "दवाखान्यातनं आल्याव भेटाया आलो व्हतो. मला बघून फुरफुरला, मागं सरला. अंगाला औषधांचा वास, पिशवीचा वास. वळखलंच न्हाई त्यानं." मग कासरा पुढं करून म्हणाला, "ह्या कासऱ्याला माझा जुना वास हाय. म्हणून रोज घिऊन येतो. लांबच हुबा ऱ्हातो."

"आणि पुण्याला काय म्हणाले?"

"सध्या तरी कुटं काय दिसत न्हाई म्हणल्या. म्हणलं, आधी ह्याला सांगावं."

मला! भाकऱ्या थापणाऱ्या बाईला रात्रभर जाळलं, आणि आधी बैलाला सांगायचं! शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या. पण तेवढ्यात हौशानं मान पुढं केली. कासरा हुंगला. मग हात हुंगला. मग शर्टावरून पिशवी, आणि तिथंच थांबला. तुकारामानं श्वास धरला होता. मीही.

बैल मागं सरला नाही.

तुकारामाच्या हातातून कासरा खाली पडला. त्यानं दोन्ही हातांनी हौशाची मान धरली आणि तोंड तिच्यात घातलं. मी दुसरीकडं बघितलं.

परतताना तो रिकाम्या हातानं पुढं चालत होता. कासरा माझ्याकडं होता. पारावरून कुणीतरी ओरडलं, "काय आज्जे, आता तुझाबी बैल सुटला का?"

"सुटला व्हता," मी म्हटलं. "गावला."