लेडीज स्लिपरची पाटी

तुम्हाला म्हणून सांगतो, इंग्रजी शब्दांची कुळी आमच्या शहरात माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नाही! 'क्वीन' म्हणजे राणी, हे तुम्हीही सांगाल. पण मुळात त्याचा अर्थ नुसता 'बाई', फार तर 'बायको' होता, हे सांगायला मीच लागतो! 'बेसिल' हे कुंडीतलं साधं रोप, पण त्याचं नाव राजासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलंय. राजे गेले, रोप अजून पाणी मागतंय.

एवढा ज्ञानी माणूस वनस्पती उद्यानात झाडांच्या पाट्यांचा मजकूर लिहीत होता. हंगामी. अकरा वर्षं हंगामी! इतका लांब हंगाम उद्यानातल्या एकाही झाडाला नव्हता.

यंदा मात्र एक जागा कायम होणार होती. उमेदवार दोनच. एक मी, दुसरा शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक. त्याला आम्ही 'होयबा' म्हणायचो. आमचे संचालक साहेब शिंकले तरी तो "होय साहेब" म्हणायचा. त्याला मी जमेतच धरलं नव्हतं.

जागेची गरज मला एकाच कारणासाठी होती. माझी बायको बेकरीत पीठ मळते. संध्याकाळी तिची मनगटं इतकी सुजतात, की ओला पंचा पिळायचा झाला तरी मला हाक मारते. "मी कायम झालो की दुसऱ्या दिवसापासून बेकरी बंद!" असा शब्द मी तिला दिला होता. पाच वर्षांपूर्वी.

"या वेळी साहेब विचारतील तेवढंच सांगा," ती म्हणाली. "तुमची ती शब्दांची मुळं घरी ठेवून जा."

"अगं, मुळांवरच तर जागा मिळणार आहे!"

तेवढ्यात संधीही आली. नवं काचघर बांधून झालं होतं. त्यातल्या सगळ्यात देखण्या फुलाच्या, लेडीज स्लिपर ऑर्किडच्या पाटीचं अनावरण साहेबांच्या पत्नी करणार होत्या. साहेबांनी मला बोलावलं.

"नावाचा अर्थ टाका. बाईसाहेबांना आवडतं. जरा भारदस्त होऊ द्या!"

मी दीड पान लिहिलं. 'लेडी' म्हणजे मुळात पीठ मळणारी, पुढे घराची मालकीण, त्याहून पुढे थोर स्त्री. 'ऑर्किड' हा ग्रीक शब्द, पुरुषाच्या वृषणासाठी. नाव पडलं ते मात्र जमिनीखालच्या जोड कंदांच्या आकारावरून. सगळं कसं सभ्य, शास्त्रीय आणि खरं! साहेबांनी न वाचता सही ठोकली. अकरा वर्षांत त्यांनी माझी एक ओळ वाचली असेल तर शपथ.

पाटी रंगवणारा पेंटर आला. "एवढं मावत नाही. दोन फुटांची पाटी आहे."

मी तेव्हा कायम झाल्यावरचं आभाराचं भाषण पाठ करत होतो. "मुख्य तेवढं ठेवा हो!" मी म्हणालो.

पेंटर सरळ माणूस. 'पुढे' आणि 'मात्र' दिसलं की तिथपासून त्यानं छाटलं. "पुढे म्हणजे नंतरचंच ना?" असं तो नंतर मला म्हणाला.

समारंभाला पाहुणे जमले. फीत कापली, पडदा सरकला. बाईसाहेब चष्मा घरी विसरल्या होत्या. "कुणीतरी वाचा बघू. मोठ्यानं!"

"होय बाईसाहेब!" होयबा पुढे झाला आणि खणखणीत आवाजात वाचू लागला.

"लेडीज स्लिपर ऑर्किड. लेडी : पीठ मळणारी. स्लिपर : चप्पल. ऑर्किड : पुरुषाचे वृषण. संचालकांच्या पत्नीस सादर अर्पण!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईसाहेबांच्या हातातली कात्री खाली पडली.

"हा काय चावटपणा आहे?" साहेब ओरडले.

इथे हात जोडून 'पेंटरची चूक' म्हणायचं होतं, एवढंच! पण अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं लिखाण शेवटपर्यंत ऐकलं होतं हो!

"चावटपणा नाही साहेब, व्युत्पत्ती आहे!"

"मी पीठ मळते?" बाईसाहेब म्हणाल्या.

"तुम्ही नाही, तुमचा शब्द! आणि साहेबांचंही तेच की! 'लॉर्ड' म्हणजे पावाचा राखणदार!"

"म्हणजे मी वॉचमन?"

"मुळात, साहेब. मुळात!"

मग काय, होयबा कायम झाला. नवी पाटी त्यानंच लिहिली. 'ऑर्किड. सुंदर फूल.' मी तीनदा वाचली. एक चूक सापडली असती तर त्या रात्री झोप तरी लागली असती! माझा हंगाम मात्र त्याच आठवड्यात संपला.

घरी सगळं सांगितलं. बायको भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. एका हातानं दुसरं मनगट चोळत म्हणाली, "उद्या मालकांशी बोलते. त्यांचा मागच्या दाराचा माणूस गेलाय सोडून."

तेव्हापासून मी बेकरीच्या मागच्या दारी स्टुलावर बसतो. पावाचे ट्रे मोजतो, मांजरं हाकलतो. आत ती मळते. तिच्याकडे बघायची मला लाज वाटते. पण जीभ कुठे गप्प बसते? काल म्हणालोच, "काहीही म्हण, शब्दशः बघितलं तर या शहरात खरे लॉर्ड आणि लेडी आपण दोघंच!"

कोपरापर्यंत पिठात बुडालेले हात तिनं थांबवले नाहीत.

"ते लॉर्ड लोक कायम असायचे, की हंगामी?"

तेवढ्यात मांजर आत शिरलं, आणि मी त्याच्यामागे धावलो.