न पांगलेले ढग

"हुक? आजच्या काळात हुक कोण लावतं?" आर्डिसबाईंनी कात्री अशी काही वाजवली, की चर्चच्या तळघरात बॅले शिकणाऱ्या पोरी आपोआप रांगेत उभ्या राहिल्या. "मी वेल्क्रो लावते, ती काटेरी चिकटपट्टी. घागरा एका सेकंदात निघेल!"

"हुकच बरे हो, आर्डिसबाई," नाच शिकवणारी मिस पॉलेट म्हणाली. "हुक कुणाला धरून बसत नाहीत."

पण ऐकतील तर आर्डिसबाई कसल्या!

नाच असा होता : पोरी करड्या जाळीचे घागरे घालून ढग होणार, पाऊस पाडणार, मग पांगणार. शेवटी एकच इवला ढग मागे राहणार, एकट्यानं गिरकी घेणार आणि वाकून नमस्कार करून जाणार. विंगेत घागरे फेकले, की आतून फुलांच्या पोशाखातल्या पोरी तयार!

तो इवला ढग म्हणजे आर्डिसबाईंची नात, ब्रिटा. प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी तिची आई कॅरिन तिला घेऊन कायमची ॲरिझोनाला निघाली होती. घर रिकामं झालं होतं. त्यांच्या डुलुथ गावचं आभाळ तर ऑक्टोबरपासून न घासलेल्या पातेल्यासारखं. रडायचं नाही, असं आर्डिसबाईंनी ठरवलं होतं. म्हणून त्या शिवत होत्या.

"पोरींच्या कमरा आज एक, उद्या एक. मी कुणालाही बसतील असेच घागरे करते!" म्हणून त्यांनी लांबच लांब पट्टी लावली. गुबगुबीत पोरींना ती नीट बसली. काटकुळ्यांच्या पाठीमागे मात्र उरलेलं शेपूट काटे वर करून लोंबत राहिलं.

"तेवढं चालतं," आर्डिसबाई म्हणाल्या.

घागरे हातात पडले ते थेट प्रयोगाच्या दुपारी, त्यामुळे ते घालून तालीम झालीच नाही. ढग आले. एकमेकींना खेटून दाटले. ढोल गडगडला, पाऊस झाला. पांगायचं संगीत सुरू झालं.

ढग पांगेनात!

काटेरी कुंपणात ओढणी अडकावी, तशी प्रत्येक शेपटात शेजारणीची जाळी अडकली होती. सगळा घोळका एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे.

"आई, हे असंच आहे का गं?" शेजारी बसलेल्या कॅरिननं विचारलं.

"नवीन पद्धत असेल," आर्डिसबाई पुटपुटल्या.

"डुलुथचे ढग ते!" मागून एक गृहस्थ म्हणाले. "कशाला पांगतात!"

सभागृहात हशा पिकला. सूर्य झालेल्या मुलीनं विंगेतून डोकावून पाहिलं, आत गेली, पुन्हा डोकावली. "ओढा गं, ओढा!" मिस पॉलेट कुजबुजली, ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. पोरींनी ओढलं. सगळं आभाळ धपकन खाली बसलं. पडदा!

विंगेत मिस पॉलेट कात्रीनं एकेक ढग सोडवत होती. "हुक..." एवढंच बोलून ती पुढच्या ढगाकडे वळली. ती आणखी बोलली असती तर बरं झालं असतं, असं विंगेत आलेल्या आर्डिसबाईंना वाटलं.

"आजी, मी दिसले का?" ब्रिटानं विचारलं.

"दिसलीस की! तुझा अंबाडा दिसला."

"फक्त अंबाडा?"

"सगळ्यांत सुरेख अंबाडा होता."

बाहेर गारांचा पाऊस लागला होता. कॅरिननं आभाळाकडे पाहिलं. "आई, वादळ येतंय. उद्यापर्यंत थांबले तर अडकून पडेन. आत्ताच निघते."

आर्डिसबाईंनी मान डोलावली. ब्रिटा घागऱ्यासकट धावत येऊन त्यांना बिलगली, आणि तिची पट्टी आजीच्या लोकरी स्वेटरला चिकटली.

कॅरिननं ओढून पाहिलं. लोकर ताणली, जाळी ताणली. "एका सेकंदात निघतं म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते."

"ओढू नकोस, मम्मी!" ब्रिटा खिदळली. "आजी येतेय आपल्याबरोबर!"

कॅरिन मान वळवून गाडीच्या काचेवरच्या गारा पुसत राहिली. आर्डिसबाईंनी हळूहळू एकेक बटण काढलं, बाह्यांतून हात सोडवले आणि नातीला स्वेटरसकट मागच्या सीटवर बसवलं. गाडी गेली. वळणावर लाल दिवेही दिसेनासे झाले, तरी त्या तिथेच उभ्या.

"अहो, अशा गारठ्यात स्वेटर कुठे तुमचा?" मिस पॉलेट धावत आली.

"ॲरिझोनाला."

"बरं, निदान गाडीत तरी बसा. चाव्या कुठायत?"

आर्डिसबाईंनी जिथे खिसा असायला हवा होता तिथे हात लावला. "त्याही गेल्या."

मिस पॉलेटनं अंगातला कोट काढून त्यांच्या खांद्यावर टाकला आणि गळ्याशी लावून दिला.

त्याला हुक होते.