तीनदा पुसलेला लॅपटॉप

माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो, आणि तो आपला दीर निघाला हे वहिनींचं भाग्य. नजर घारीची, कान सशाचे, बुद्धीला उपमाच नाही. लोक मला बिनकामाचा म्हणतात, कारण माझं काम गुप्त असतं.

वहिनींनी जुना लॅपटॉप कोपऱ्यावरच्या शिंप्याला विकला, तेव्हा त्यातली खासगी माहिती पुसण्याचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. नुसतं डिलीट करून फायली जात नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी सगळी खाती बंद केली, डिस्क तीनदा पुसली आणि शेवटी स्क्रीनही ओल्या फडक्याने पुसला.

तिसऱ्या दिवशी वहिनी पांढऱ्याफटक चेहऱ्याने घरी आल्या.

"भाऊजी, शिंपी मला म्हणाला, ‘ताई, एवढ्यात नोकरी सोडू नका.’ माझा राजीनामा त्या लॅपटॉपशिवाय कुठेच नव्हता."

प्रकरण गंभीर होतं. वहिनी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर. नवी नोकरी अजून पक्की नव्हती, आणि डॉक्टरांचा कोट त्याच शिंप्याकडे शिवायला टाकलेला. पाच वाजता ते ट्रायलला जाणार होते.

मी डोळे मिटले. "पहिली शक्यता, शिंपी हा शिंपी नाहीच. तो हॅकर आहे."

"तीस वर्षं ब्लाउज शिवतोय तो."

"म्हणजे वेषांतर जुनं आहे. दुसरी शक्यता, तुम्ही झोपेत बोलता."

"आणि ते शिंपी ऐकतो?"

"तपास अजून तिथवर पोचलेला नाही."

मी गिऱ्हाईक बनून दुकानात शिरलो. चौकशी करता करता पॅन्टचं माप दिलं, शर्टाचं दिलं. माझं पोट सुटलंय, एवढीच माहिती हाती लागली.

वहिनी मागून आल्या आणि सरळ विचारून मोकळ्या झाल्या, "माझ्या नोकरीचं तुम्हाला कसं कळलं?"

"लॅपटॉपच्या पिशवीत कागद होता ना." शिंप्याने डॉक्टरांच्या कोटाला टाचलेला कागद काढून दिला.

त्यावर माझंच सुबक अक्षर होतं: ‘पुसलेल्या गुप्त माहितीची यादी’. मी नोंद ठेवल्याशिवाय काही करत नाही. क्रमांक सात: ‘राजीनामा. डॉक्टर खडूस आहेत, असं त्यात दोनदा म्हटलं आहे.’ खाली माझी सही. कागद पाठकोरा होता, म्हणून शिंप्याने मागे डॉक्टरांची मापं लिहिली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी कोट चढवला. बटण लागेना. "मापं दाखवा बरं तुमची."

"ती ताईंच्या हातातल्या कागदावर आहेत," शिंपी म्हणाला.

डॉक्टरांनी हात पुढे केला. मी कागद हिसकावला, चुरगळला आणि तोंडात कोंबून गिळून टाकला. आता जगातला कुठलाही तज्ज्ञ ती माहिती परत मिळवू शकणार नव्हता.

डॉक्टर जवळ आले आणि त्यांनी माझी हनुवटी धरली.

"आ करा."

मी आ केला. ते बराच वेळ आत बघत राहिले. "कागद खाण्याचं राहू द्या," ते म्हणाले, "पण ही डावीकडची दाढ काढावीच लागेल."

वहिनींनी पर्समधून दवाखान्याची वही काढली आणि हसू दाबत मला उद्या अकराची वेळ दिली.