न पेटलेल्या सभासदाजवळ जाण्याचे नियम

एप्रिलमधल्या पहिल्या उड्डाणाच्या शनिवारी मी क्लबच्या मैदानावर रॉकेट न घेता गेलो. पुढे जे झालं ते पाहता त्या दिवशी घरीच राहायला हवं होतं. पण घरी राहिलो असतो तर डार्लीनच्या शेजारी बसता आलं नसतं.

कॉटनवूड बेंड मॉडेल रॉकेट क्लबचं मैदान म्हणजे एक कुरण. अर्ध्या भागात गाई असतात आणि अर्ध्या भागात आम्ही. आमच्या भागाला दोर बांधलेला असतो. ज्यांच्याकडे रॉकेट आहे ते दोराच्या आत बसतात, प्रेक्षक बाहेर उभे राहतात. आत सभासदांच्या घडीच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या असतात आणि माझी खुर्ची डार्लीन ओल्तमान्सच्या खुर्चीला लागून असते. ती तिथं पहिल्यांदा कुणी मांडली हे कुणालाच आठवत नाही. मला आठवतं, पण मी आठवण करून देत नाही. गावच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून आठवड्यात मला नावानं हाक मारली जाते ती तेवढ्या एका ठिकाणी.

“कुठलं उडवतोयस?” व्हर्लिन पोस्पिशिलनं मान वर न करता विचारलं. व्हर्लिन आमचा अध्यक्ष, आणि सुरक्षा अधिकारीही तोच. नोकरीत तो धान्याच्या कोठारांचा निरीक्षक होता. निवृत्तीनंतरही निरीक्षण करायला काहीतरी हवं म्हणून तो रॉकेटांकडे वळला.

“आज काही आणलं नाही.”

“मोडलं?”

“नाही. बनवावंसंच वाटलं नाही.”

व्हर्लिननं मान वर केली. “वाटलं नाही म्हणजे? गोंद संपला?”

“गोंद आहे, बाल्साचं हलकं लाकूड आहे. मी टेबलाशी बसतो, रॉकेटचे पंख कापायला घेतो, आणि उठून भांडी घासतो.”

“भांडी पडली असतील तर घासणारच माणूस.”

“घासलेलीच असतात.”

माझ्या नावापुढं काय लिहावं ते व्हर्लिन यादीत शोधू लागला. मागं रॉकेट तपासून घेणाऱ्यांची रांग वाढत होती. मी म्हटलं, मी आपला प्रेक्षकांत उभा राहतो. तो म्हणाला, सभासदाला प्रेक्षक होता येत नाही. सभासदच प्रेक्षक व्हायला लागले तर प्रेक्षकांनी पाहायचं काय?

“व्हर्लिन, बसू दे की त्याला!” डार्लीन खुर्चीतून ओरडली. “रॉकेट नाही म्हणून काय त्याला बूडही नाही?”

पण व्हर्लिनला नियम सापडला होता. नियमावली त्यानंच छापून घेतली होती आणि सापडलेला नियम वाया घालवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बटण दाबूनही रॉकेट पेटलं नाही, तर आधी बटणाच्या डब्यातली किल्ली काढून घ्यावी, मिनिटभर थांबावं आणि तोवर कुणीही जवळ जाऊ नये, असा तो नियम आहे. तो शहाणपणाचाच आहे. न पेटलेलं रॉकेट कधीकधी उशिरा पेटतं, आणि नेमकं तेव्हा कुणीतरी त्याच्यावर वाकलेलं असतं.

“तुझं बटण दाबलं गेलं का?” व्हर्लिननं विचारलं. “वर्गणी भरलीस, सामान घेऊन ठेवलंस, शनिवार उजाडला. म्हणजे दाबलं गेलं. पेटलास का? नाही.” त्याचा आवाज हळवा झाला. “तू न पेटलेला आहेस, अर्विन. वाईट वाटून घेऊ नकोस. किल्ली दे.”

“कसली किल्ली?”

“असेल ती.”

माझ्याकडे गाडीची किल्ली होती. ती त्यानं खिशात टाकली.

माझी खुर्ची उचलून दोराबाहेर, घुशींच्या बिळांनी भरलेल्या माळाच्या पार टोकाला मांडण्यात आली आणि शेजारी लाल झेंडा रोवण्यात आला. किती वेळ थांबायचं हा प्रश्न उरला. मिनिटभराची मुदत मोटरसाठी, म्हणजे रॉकेटातल्या दारूच्या नळकांडीसाठी आहे, आणि मोटर जळते दोन सेकंद. मी तीस वर्षं जळत होतो. व्हर्लिननं प्रमाण मांडलं तेव्हा मुदत नऊशे वर्षांची निघाली. क्लबनं सहानुभूतीनं विचार करून ती एका हंगामावर आणली. मी आभार मानले.

त्याच आठवड्यात उत्साह-पुनर्स्थापना समिती स्थापन झाली. माझी विचारपूस करायला समितीचे लोक येत, पण जवळ यायला बंदी असल्यामुळे ते दोराशी उभे राहून कर्ण्यातून विचारपूस करत.

“अर्विन! आज कसं वाटतंय?”

“ठीक!” मी ओरडे.

“मनापासून सांग! संकोच नको!”

सबंध मैदान आणि गाई माझ्याकडे बघत असताना मी मनापासून सांगू लागे, आणि वारा ते पलीकडच्या मक्याच्या शेतात घेऊन जाई.

मग समितीनं एक पत्रक काढलं. छंदाचा वीट आला असता काय करावं हे त्यात मुद्देसूद दिलं होतं. विश्रांती घ्या, पण ठरवून दिलेल्या वेळातच. लहानसं ध्येय ठेवा आणि ते गाठल्याचं लगेच कळवा. सगळ्यात मुख्य म्हणजे, आपण हा छंद का सुरू केला ते आठवा. मी आठवलं आणि खरं ते लिहून दिलं: ग्रंथालयात रॉकेटांवरचं एक पुस्तक होतं, ते कुणीच नेत नसे, आणि न नेलेली पुस्तकं रद्दीत जात. ते वाचवायला मी स्वतःच ते दर पंधरवड्याला नेऊ लागलो. घरी आहेच तर वाचलं, आणि वाचलंच आहे तर एक रॉकेट करून पाहिलं. समितीनं हे उत्तर परत पाठवलं. त्यातून कुणाला प्रेरणा मिळण्यासारखी नव्हती. दुरुस्त करून आलेल्या उत्तरात मी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून आभाळाकडे बोट दाखवत होतो. माझा बाप कंबरदुखीनं बेजार असे. त्यानं मला कधीच खांद्यावर घेतलं नव्हतं, पण मी सही केली.

मे महिन्यात व्हर्लिनच्या लक्षात आलं, की न पेटलेल्या रॉकेटची तपासणीही करावी लागते. त्यासाठी एकाच माणसाला जवळ जाता येतं. त्यानं बाजूनं जायचं, वर वाकायचं नाही, आणि बाकीच्यांनी मागं थांबायचं. व्हर्लिनचे गुडघे बिळांतून चालण्याच्या लायकीचे उरले नव्हते. बाकीच्यांना रॉकेटं उडवायची होती.

“मी जाते,” डार्लीन म्हणाली. “नाहीतरी त्याची चिली गार होतेय.”

ती एका हातात राजमा-खिम्याच्या चिलीचा वाडगा, दुसऱ्या हातात दालचिनीचा रोल आणि काखेत स्वतःची खुर्ची घेऊन बिळं चुकवत आली. नियमाप्रमाणे बाजूनं आली आणि बाजूलाच बसली.

“किती वेळ लागतो तपासणीला?” मी विचारलं.

“नियमात लिहिलंय?”

“नाही.”

“मग खा गुमान.”

तो हंगाम माझ्या आयुष्यातला फार चांगला हंगाम होता, हे मी इथं कबूल करतो. क्लबात ते कबूल करता येण्यासारखं नव्हतं. दर शनिवारी डार्लीन तपासणीला येई. रॉकेटं दुरून उडत, आम्ही पाहत असू. व्हर्लिन दोराशी येऊन कर्ण्यातून विचारी, “काही हालचाल?” आणि डार्लीन ओरडून सांगे, “थंड आहे अजून! वेळ लागेल!”

एकदा ती म्हणाली, “माझ्या अंगणात सफरचंदाचं झाड आहे. त्याखाली दोन खुर्च्या सहज मावतात.”

“क्लबच्या?”

“माझ्या, अर्विन. माझ्या घरच्या.”

मी म्हटलं, कल्पना चांगली आहे, समितीपुढे ठेवायला हवी. तिनं रोलचा मोठा तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. क्लबबाहेर एखाद्या बाईला भेटायचे नियम कुठं छापलेले नाहीत, आणि छापलेलं नसलं की माझे हातपाय गळतात.

ऑगस्टमध्ये घोटाळा झाला. डार्लीन कागदी रुमालांची गुंडाळी घेऊन आली होती. ती संपली आणि आतली पुठ्ठ्याची नळी माझ्या हातात राहिली. मी बोलता बोलता दालचिनीच्या रोलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तिला तीन पंख लावले. पंख सारखे नव्हते. डार्लीनच्या पिशवीच्या तळाशी ईस्टरच्या खाऊचं, मधोमध उघडणारं प्लास्टिकचं अंडं होतं. त्याचा अर्धा भाग टोकाला बसला. पॅराशूट म्हणून किराण्याची पिशवी कापली. पँटच्या खिशात एक छोटी मोटर जुन्या सवयीनं पडलेली होती. हे सगळं चालू असताना मी एकदाही भांड्यांचा विचार केला नाही.

“उडेल हे?” डार्लीननं विचारलं.

“अजिबात नाही.”

“मग बघूच.” ती ताडकन उठली, दोराच्या आत व्हर्लिनच्या टेबलापर्यंत गेली आणि तपासणीला लागतं असं सांगून रॉकेट उभं करायची सळई, पेटवायची तार आणि बटण असलेला बॅटरीचा डबा घेऊन आली. आम्ही तार पुरेल तेवढं मागं सरलो. तिनं उलटी मोजणी पाचापासून सुरू केली आणि तीनलाच बटण दाबलं.

ते उडालं. आधी गाईंकडे गेलं, मग विचार बदलून सरळ वर गेलं. पिशवी उघडली आणि अर्धं अंडं उन्हात चमकत खाली आलं. डार्लीननं माझा दंड धरला होता आणि आम्ही दोघं मुलांसारखे ओरडत होतो.

दोराच्या आत सगळे उठून उभे राहिले. व्हर्लिन गुडघ्यांची पर्वा न करता बिळांतून धावत आला. मला वाटलं, क्लबातून माझं नाव कमी होणार. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“पाहिलंत?” तो मागं वळून ओरडला. “उशिरा पेटला! म्हणूनच थांबायचं असतं!”

त्यानं माझी किल्ली सर्वांसमोर परत केली. फोटो काढण्यात आले. समितीनं अहवालात लिहिलं, की न पेटलेल्या सभासदास योग्य अंतरावर ठेवून श्रीमती ओल्तमान्स यांच्या शेजारी बसवल्यास तो एका हंगामात पेटतो. या उपचाराला माझं नाव देण्यात आलं.

“आणि मला कुणी विचारलं?” डार्लीन म्हणाली.

समितीनं तिला सांगितलं, की ती उपचाराचं साहित्य आहे, आणि साहित्याची तक्रार असल्यास ती रुग्णामार्फत यावी लागते.

पुढच्या शनिवारी टेट रॉकेट न घेता आला. टेट तिशीतला, त्याच्याकडे क्लबातली सर्वांत मोठी रॉकेटं आहेत.

“माझ्यात काही उरलंच नाही,” तो मला म्हणाला. “तुमचं काय, नुसती वात दमट झाली होती. मी आतून जळून कोळसा झालोय.” मोटरांना ताकदीनुसार असतात तशा न पेटण्याच्याही पायऱ्या ठरल्या. टेटला तिसऱ्या पायरीचं प्रमाणपत्र मिळालं आणि ते त्यानं गाडीच्या काचेला लावलं. ते पाहून इतरांचाही उत्साह मावळू लागला, आणि तो ते मोठ्या उत्साहानं करत. महिन्याभरात दोराबाहेर इतके लोक झाले, की डार्लीनशेजारच्या खुर्चीसाठी पाळ्या लावाव्या लागल्या. दोराच्या आत मी, व्हर्लिन आणि कर्णा एवढेच उरलो.

माझं नाव पाळीत घालावं म्हणून मी व्हर्लिनकडे गेलो.

“तू कशाला?” तो म्हणाला. “तू बरा झालायस. बऱ्या माणसानं आजाऱ्याची खुर्ची अडवायची? लाज वाटली पाहिजे.”

मला वाटली.

आता मी दर शनिवारी पहिल्या रांगेत एकटा बसतो आणि उत्साह टिकून असल्याचा पुरावा म्हणून रॉकेटं उडवतो. ती उडताना समितीचा एक माणूस दोराबाहेरून माझ्या चेहऱ्याकडे बघत असतो. डार्लीनजवळ परत बसायचं तर मला पुन्हा वीट यायला हवा, आणि तो खोटा चालत नाही. समिती चेहऱ्यावरून ओळखते. नेमकी हीच अडचण आहे. मला मजा येते आहे. वेडेवाकडे पंख लावले, डोळे मिटून चिकटवले, तरी येते.

परवा वारा पडला होता. बिळांपलीकडून तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

“अर्विन! लवकर कंटाळ ना रे! हा टेट मला त्याचं बालपण सांगतोय, आणि अजून दुसरीतच आहे!”

मी हात हलवला. प्रयत्न करतोय, असं ओरडून सांगितलं. पण हे काम मला एकट्याला उरकेल असं दिसत नाही, म्हणून वाचकांना विनंती आहे. आपणही एके काळी काहीतरी करत होता. बासरी असेल, चित्रं असतील. जेवायला हाक मारली तरी उठत नव्हता. आज ती बासरी घरात कुठं आहे हे आपल्याला सांगता येणार नाही. इतक्या सफाईनं हे कसं साधलंत, ते कृपया कळवावं. मला सगळा क्लब पाठीशी असून जमत नाही, आणि आपण ते एकट्यानं करून दाखवलंत, एकाही समितीशिवाय.