जपानात कोण चालतो?

तळेगावला आमचे मामा वारले तेव्हा त्यांचा मुलगा जर्मनीत होता. कंपनीने त्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तो पोचला तिसऱ्या दिवशी, डोळे सुजलेले आणि दाढी वाढलेली. घरात माणसं भिंतीला टेकून, माना खाली घालून बसली होती. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान सोपानराव, सरकत सरकत त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, सांत्वनाचे दोन शब्द बोलतील. दाजी म्हणाले, "जर्मनीत हल्ली कोण चालतो?"

आवाज असा की आतल्या खोलीतल्या बायकासुद्धा गप्प झाल्या.

मामेभावाला आधी काही समजेना. दाजींनी फोड करून सांगितलं, "इंग्रजी गाणारं. गिटारवालं. चौघं चालत्यात का जाड ओठाचा?" पोरगा सभ्य. त्याने नाक पुसलं, जरा विचार केला आणि उत्तर दिलं. मग दोघांचं अर्धा तास चाललं. मामी दारातून बघत होत्या. मी सतरंजीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसलो. तो आणखी सुटला.

दाजींना जाऊन आता महिना होत आला. त्यांच्या दिवसांत कुणी कुणाला असलं काही विचारलं नाही. सगळे शहाण्यासारखे बसून, चहा घेऊन गेले.

दाजी मूळचे पुनावळ्याचे. घरी शेती होती, पण भाऊ चार आणि जमीन बेताची. चिंचवडला कारखाना उभा राहिला तेव्हा दाजी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देतात तिथे, हेल्पर म्हणून लागले. मशिनं बसवायला दोन गोरे आले होते, एक इंग्रज आणि एक जर्मन. इंग्रजाकडे टेपरेकॉर्डर होता. जेवणाच्या सुट्टीत तो लावायचा आणि त्यावरून दोघांचं भांडण व्हायचं. इंग्रज म्हणायचा, आमच्याकडे या गाण्यामागे माणसं वेडी झाली आहेत. जर्मन म्हणायचा, आमच्याकडे याला कुणी विचारत नाही. दाजी हातात पाना घेऊन, फोरमनकडून अर्थ विचारत, हे ऐकत उभे असायचे. गाणं एकच आणि एका मुलखात एवढा मान, दुसऱ्यात काहीच नाही, या गोष्टीने त्यांच्या मनाची जी पकड घेतली ती कायमची.

"पावणं," ते मला सांगायचे, "पुण्याच्या मंडईत जी भाजी हातोहात जाती ती चाकणच्या बाजारात दुपारपत्तुर पडून ऱ्हाती. भाजी तीच आसती. तवा गाणं चांगलं का वाईट ते इचारायचंच न्हाई. कुठं चालतंय ते बगायचं."

त्या मंडळींची खरी नावं दाजींच्या जिभेवर नीट बसत नसत. पुनावळ्यात बैलांना ठेवतात तशी त्यांनी सगळ्यांना नावं ठेवली होती आणि आमच्या घरात तीच चालत. इंग्लंडचे ते 'चौघं'. दुसऱ्या टोळीचा तो 'जाड ओठाचा'. कर्कश ओरडून गाणारे 'गोंगाटवाले'. आणि अगदी अलीकडे आलेला, आखूड केसांचा 'मिशाळ'. अक्का भाकरी वाढता वाढता सहज विचारायची, "आज काय, मिशाळ चढला का उतरला?" तिला त्यात काही वावगं वाटत नसे. मला वाटायचं.

कारण मी त्याच कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होतो. मराठी घेऊन बी.ए. झालेला, जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचत बसणारा. नोकरी दाजींनीच सांगून लावून दिली होती, त्यामुळे आमचं नातं गेटपासून कॅन्टीनपर्यंत सर्वांना ठाऊक. शिफ्ट बदलताना पोरं मुद्दाम माझ्या खिडकीसमोर त्यांना अडवायची.

"सोपानराव, पाकिस्तानात कोण चालतो?"

"तिकडची खबर न्हाई. कुणी भेटला तर इचारतो."

"आणि आमच्या लातूरला?"

"तूच सांग की. तू तिकडचा."

"आमच्याकडं कुणीच चालत नाही, भाऊ."

"म्हंजी बाजार मोकळा हाय," दाजी गंभीरपणे म्हणायचे आणि पुढे जायचे. पोरं खिडकीला धरून हसायची. मी हजेरीत डोकं घालायचो.

एकदा जपानी पाहुणे आले. जनरल मॅनेजर त्यांना शॉप दाखवत होते आणि मी पाहुण्यांच्या टोप्या घेऊन मागे चाललो होतो. प्रेस थांबवलेले होते. दाजी तेव्हा डाय सेटर झाले होते, म्हणजे प्रेसमध्ये साचा बसवणारे. शॉपमध्ये याहून मानाचं काम नाही. हात पुसत ते सरळ पुढे आले, सगळ्यात वयस्कर जपान्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी आपल्या इंग्रजीत विचारलं, "जपान, हू रनिंग?" जपान्याने दुभाष्याकडे पाहिलं. दाजींनी हाताने गिटार वाजवून दाखवली. म्हातारा खुलला. त्याने जपून ठेवलेली वस्तू काढून द्यावी तसं एक नाव सांगितलं आणि वाकून नमस्कार केला. दाजीही वाकले. मॅनेजर साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"हे तुमचे कोण लागतात?"

"बहिणीचे यजमान, सर."

"लांबच्या बहिणीचे?"

"सख्ख्या."

साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना माझी कीव आली असावी. मला त्यापेक्षा मेमो चालला असता.

संध्याकाळी मी तडक कासारवाडीला अक्काकडे गेलो. आज बोलायचंच असं ठरवून गेलो होतो. दार उघडं होतं. दाजी पाठमोरे बसले होते, रेडिओपुढे, खोक्यावर तळहात ठेवून, हळूहळू मान डोलावत. रेडिओवर काहीच लागलेलं नव्हतं. दोन स्टेशनांच्या मधली खरखर नुसती. मी उंबऱ्यातच थांबलो. आतून अक्का आली. ती त्यांच्या मागून वाकली, तिने काटा थोडासा फिरवला आणि गाणं लागलं. दाजींनी मान डोलावणं चालूच ठेवलं, आधी होतं त्याच ठेक्यात.

अक्काने मला बाहेर गॅलरीत नेलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दिवस कसले, वर्षं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवा."

"कंपनीत माहीत आहे?"

"नाही, आणि तू बोलायचं नाही, वसंता. कळलं तर त्यांना प्रेसवरून काढतील. सेटर राहिले नाहीत तर ते माणूस म्हणून राहायचे नाहीत."

प्रेस शॉपमध्ये कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतंच. तिथे सगळेच ओरडून बोलतात आणि अर्धं बोलणं हाताच्या खुणांनी करतात. साचा बसला की नाही हे दाजी मशिनच्या अंगावर हात ठेवून ओळखत. तेवढं मला पटलं. पण खाली उतरताना डोक्यात एक गोष्ट घोळत राहिली. मिशाळ आला तो गेल्या दोन-तीन वर्षांत. म्हणजे ज्याच्यावरून दाजी रोज सगळ्यांशी वाद घालत, त्याचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

पुढच्या वर्षी कंपनीत नवा डॉक्टर आला. इंग्लंडमध्ये शिकून आलेला, तरुण. त्याने पहिलं काम काढलं ते प्रेस शॉपचे कान तपासायचं. ज्याला ऐकू येत नाही त्याने प्रेसवर उभं राहायचं नाही, असा हुकूम निघाला. तो चूक होता असं मला आजही म्हणवत नाही. माणसं तुकडीतुकडीने दवाखान्यात न्यायचं काम टाइम ऑफिसकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

दाजींची तुकडी आली त्या दिवशी अक्काने त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. रांगेत ते सगळ्यात पुढे. स्टुलावर बसले आणि डॉक्टरने तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "सायेब, तुमी इंग्लंडात व्हता. तिकडं आता कोण चालतो?"

मी दाराकडे तोंड केलं. पण डॉक्टर हसला. इथे आल्यापासून त्याला हे कुणी विचारलं नसावं. तो टेबलाच्या कडेवर बसला, बरोबर दाजींच्या समोर, आणि सांगू लागला. दाजी ऐकत होते, मध्ये तोडत होते.

"चौघं फुटलं, पर त्यांचा माल अजून खपतोय का न्हाई?"

"खपतो. पण पोरांना आता मिशीवाला हवा."

"जपानात बी त्योच. आन जर्मनीत गोंगाटवालं."

"तुम्हाला जर्मनीचं काय माहीत?"

"आमचं पावणं तिकडं व्हतं."

डॉक्टरने हातातला चिमटा, तो कानाशी वाजवून बघतात तो, न वाजवताच खाली ठेवला. एवढा फर्मास वाद घालणाऱ्या माणसाचे कान काय तपासायचे, असं त्याला वाटलं असेल. त्याने कागदावर खूण करायला पेन उचललं, मग आठवण होऊन चिमटा कपाटात ठेवायला उठला. पाठ फिरवून, कपाट उघडता उघडता, त्याने अगदी आपुलकीने विचारलं, "आणि सोपानराव, तुम्हाला स्वतःला कोण आवडतो?"

दाजी त्याच्या पाठीकडे बघून हसत राहिले.

रांग वाट बघत होती. मी दारापाशी होतो. मी आवाज न करता ओठ हलवले, तुम्हाला कोण आवडतो. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. तो प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेला नव्हता आणि त्यांनीही कुणाला विचारला नव्हता. त्यांनी जवळ होतं ते उत्तर दिलं.

"जपानात मिशाळ."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टर वळला. तो दाजींच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने हलक्या आवाजात त्यांना नावाने हाक मारली. पुन्हा मारली. दाजी माझ्याकडेच बघत होते. काय झालं ते त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि उठले. डॉक्टरचेही कान लाल झाले होते.

सोमवारपासून दाजी यार्डात गेले. पत्र्याच्या कातरणाचे ढीग वेगळे करायचे, एवढंच काम. पगार होता तेवढाच राहिला. पण दाजी बोलायचे थांबले. कॅन्टीनमध्ये पोरांनी सवयीने विचारलं, "सोपानराव, ब्राझीलमध्ये कोण चालतो?" तर ते ताटातल्या डाळीकडे बघत राहिले. पोरं ओशाळून उठून गेली. नंतर कुणी विचारलं नाही. ज्याने तोंड बंद करावं म्हणून मी इतकी वर्षं मनात देव पाण्यात घातले, तो माणूस गप्प बसला आणि मला कॅन्टीनमध्ये जेवण जाईना.

एका गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, मी त्यांच्याकडे गेलो. अक्का आत चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी दाजींच्या समोर बसलो, तोंड नीट उजेडात येईल असा.

"दाजी, एवढा नाद कसा सोडलात?"

त्यांनी बंद रेडिओच्या खोक्यावरची धूळ तळहाताने पुसली. मग म्हणाले, "नाद न्हवता त्यो. आता चोरी पकडली, तर सांगाया काय." त्यांनी बोटाने स्वतःच्या ओठांकडे दाखवलं. "चौघांचं नाव घेताना व्हट मिटत्यात आन मग दात दिसत्यात. जाड ओठाच्या टोळीचं नाव घेताना तोंडाचा चंबू व्हतो, दोनदा. समदी मिळून सात-आठ नावं. कुणी बी काय बी सांगू द्या, मला कळतंय. दुसरं कायतरी इचारलं, पोराबाळांचं, पीकपाण्याचं, तर समोरचा काय वाट्टंल ते बोलंल. मग मी काय करू?"

मला तळेगावचं मामांचं घर आठवलं. खांद्यावर हात ठेवून दाजींना त्या पोराशी बोलायचं होतं. बोलायला त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

"डाक्टर त्या दिशी काय इचारत व्हता?" त्यांनी विचारलं.

मी सावकाश सांगितलं. तुम्हाला स्वतःला कोण आवडतो.

दाजी हसले. लाजल्यासारखे. मग आपण कुजबुजतो आहोत अशा समजुतीने, पण शेजारच्या दोन बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमची भन. लगीन झालं तवा पुनावळ्याला खुरपणीला यायची. पुढच्या सरीत ती, मागच्या सरीत मी. खुरपता खुरपता गाणं म्हनायची, त्ये ऐकत मी मागनं चालायचो. इथं आल्यावं भाकरी थापताना म्हनायची. पर चुलीकडं तोंड आसतंय तिचं, मला पाठ दिसती." ते पुढे वाकले. "पावणं, ती अजून म्हनती का वं?"

आतलं थापणं थांबलं होतं. मी त्या घरात इतकी वर्षं येत होतो. अक्काला गाताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"म्हणते," मी म्हणालो. "रोज म्हणते."

दाजींनी मान हलवली आणि ते स्वयंपाकघराकडे तोंड करून बसले. दारातून अक्काची पाठ दिसत होती. ती बराच वेळ तशीच, पिठाचे हात परातीवर धरून राहिली. मग थापणं पुन्हा सुरू झालं आणि त्याच्याबरोबर, अगदी बारीक, सूर शोधत शोधत, ती म्हणू लागली.